पंख्याचा बटाटा: ओव्हनमधलं एक देखणं तोंडीलावणं

पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा ऑगस्ट महिना होता. आठ बटाटे ओव्हनमध्ये सारले. वीस मिनिटांत त्यांच्या कडा कॉफीच्या रंगाच्या झाल्या आणि सुरी टोचून पाहिली तर आत कच्चेच. आणखी वीस मिनिटं ठेवले, तर वरून कोळसा. पाहुण्यांसमोर मी ते बटाटे आणलेच नाहीत, पापड भाजून वेळ मारून नेली आणि रात्रभर ओव्हनला शिव्या घातल्या. पुढची दोन वर्षं माझी पक्की समजूत होती की आमच्या ओव्हनचा काटा खोटा आहे.

मग एका मार्चमध्ये वाळवणाला आणलेल्या बटाट्यांतले आठ-दहा उरले होते, त्यांचं पुन्हा करून पाहिलं. ओव्हन तोच, सुरी तीच, करणारी मीच. बटाटे मधासारखे सोनेरी, कडा कुरकुरीत आणि आत चमच्याने उचलावा इतका मऊ गर. ओव्हन बिचारा निर्दोष होता. ऑगस्टमधला बटाटा कोल्ड स्टोरेजमधून आलेला होता आणि गोड झालेला होता, एवढंच.

त्यामुळे या पदार्थाची निम्मी कृती मंडीतच उरकते असं मी मानते. नवशिक्यांनी सुरी-ओव्हनाच्या आधी तिथेच लक्ष घालावं.

पदार्थ काय आहे ते आधी सांगते. त्याचं मूळ नाव हासेलबाक बटाटा. स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोममध्ये, हासेलबाकेन नावाचं जुनं हॉटेल आहे, त्यावरून हे नाव पडलं. १९५३ साली तिथे शिकत असलेल्या एका तरुण आचाऱ्याला याचं श्रेय साधारणपणे देतात. बटाटा अख्खाच ठेवायचा, वरून त्याला जवळजवळ तळापर्यंत बारीक चिरा द्यायच्या, पण तळ जोडलेला राहू द्यायचा. भाजताना चकत्या एकमेकींपासून सुटतात आणि बटाटा जपानी पंख्यासारखा उलगडतो. आमच्या घरात हासेलबाक कुणाच्या जिभेवर बसलं नाही, ‘पंख्याचा बटाटा’ हेच नाव राहिलं.

स्वीडिश लोक तो मांसाच्या शेजारी वाढतात. आपल्या ताटात त्याची जागा कुठे, यावर आमच्याकडे खरोखर चर्चा झाली होती. बटाटा म्हणजे भाजी, भाजी म्हणजे उजवीकडे, असं सासूबाईंचं म्हणणं. मी तो डावीकडे वाढते, पापड-कुरडई-भज्यांच्या बाजूला. त्याने पोळी खायची नसते. मधूनमधून एक घास तोडायचा आणि कुरकुर ऐकायची, म्हणजे तोंडीलावणंच.

बटाटा कुठला घ्यायचा

इंदूरकरांना या बाबतीत बाहेरच्यांनी हेवा करावा अशी स्थिती आहे. माळव्यातला बटाटा चिप्सचे कारखानेवाले मुद्दाम उचलतात, कारण त्यात साखर कमी आणि गर घट्ट असतो. आपण मात्र त्याची पातळ भाजी करतो किंवा साबुदाण्याच्या खिचडीत घालून मोकळे होतो.

आपल्याकडे बटाटा थंडीच्या तोंडाला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मुख्य काढणी होते. तेव्हापासून साधारण मे महिन्यापर्यंत इंदूरच्या चोइथराम मंडीत, आणि तिथून गल्लीतल्या हातगाडीवर, जो माल येतो तो या पदार्थासाठी उत्तम. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत बहुतेक माल स्टोरेजमधला. स्टोरेज वाईट नसतं, पण खायचा बटाटा टिकावा म्हणून तो २ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवतात, आणि इतक्या थंडीत बटाटा आपल्यातल्या स्टार्चची साखर करायला लागतो. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढतं. भाजीत ते जेमतेम जाणवतं. ओव्हनमध्ये दोनशे अंशांना तीच साखर बटाट्यातल्या अमिनो आम्लांशी मिळून भराभर तपकिरी होते, आणि आतला गर शिजायच्या आधी बाहेरचं जळून जातं. माझ्या ऑगस्टच्या बटाट्यांचं हेच झालं होतं. चिप्ससाठीचा बटाटा म्हणूनच जास्त उबेत, १०-१२ अंशांना ठेवतात.

हे एकदा समजलं की भाजीवाल्याला काय विचारायचं तेही समजतं. मी सरळ विचारते, ‘भिया, चिप्सवाला आलू है क्या? मीठा तो नहीं निकलेगा?’ बऱ्याच जणांकडे ‘शुगर फ्री’ म्हणून वेगळा ढीग असतो. पहिल्यांदा ते ऐकून मला वाटलं, मधुमेहवाल्यांसाठी काही सोय असावी. तसं काही नसतं. गोड न झालेला माल, इतकाच त्याचा अर्थ. वेफर्स आणि किसासाठी तुमची आई जो बटाटा निवडून घ्यायची, डोळे झाकून तोच घ्या.

वाणांची नावं माहीत असतील तर बरं. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या वाणांना ‘कुफरी’ हे जणू आडनाव लागतं, सिमल्याजवळच्या कुफरी गावावरून. १९६८ची कुफरी ज्योती पांढरट, लांबट, डोळे उथळ. आपल्या कामाला छान. १९९८ची चिप्सोना तर नावाप्रमाणे चिप्ससाठीच काढलेली, ती मिळाली तर दुसरं काही बघू नका. कुफरी लवकर हेही माळव्यात जुनं नाव. नाव मराठी वाटतं आणि पिकतोही लवकर, पण गोल असतो, त्यामुळे पंखा आखूड होतो. एलआर म्हणून लाल सालीचा गोल बटाटा येतो, त्याची चव उत्तम, पण पाटावर ठेवला की घरंगळतो. पिवळसर पुखराज मी या पदार्थाला घेत नाही, त्यात पाणी फार.

नाव विचारून उत्तर मिळालं नाही तरी घरी परीक्षा घेता येते. पावणेतीन वाट्या पाण्यात पाव वाटी मीठ विरघळवा आणि त्यात एक बटाटा सोडा. बुडाला तर गर घट्ट, भाजल्यावर आत भुसभुशीत होणारा. तरंगला तर पाणथळ, त्याची रस्साभाजी करा. हे प्रमाण वाटीने मोजायचं आहे, वजनाने नाही. गोडाची परीक्षा याहून सोपी. एक पातळ चकती कापून, पुसून, थेंबभर तुपावर मध्यम आचेच्या तव्यावर टाका. शिजायच्या आतच तिच्यावर गडद डाग उमटले तर बटाटा गोड आहे. तो फेकायचा नाही. टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात, घरातल्या उबेला दोन-तीन आठवडे राहू द्या, साखर बरीच उतरते. आणि एक विनंती, बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. मंडीतून निवडून आणलेला बटाटा फ्रिजमध्ये टाकणं म्हणजे घरच्या घरी कोल्ड स्टोरेज काढणं.

आकाराचं सांगायचं तर सगळे सारखे घ्या, एकेक ९० ते १२० ग्रॅमचा, म्हणजे किलोत आठ ते अकरा बसतील असे. भाजीवाला वैतागतो, वैतागू द्या. लहान-मोठे एका ट्रेमध्ये ठेवले की एक जळतो आणि एक कच्चा राहतो. हिरवट साल असलेला मात्र कितीही सुबक असला तरी बाजूला काढा, त्या हिरव्या भागात सोलॅनिन असतं आणि ते भाजल्याने जात नाही.

बाकी सामान

आठ बटाट्यांना तीन टेबलस्पून साजूक तूप, २५ ग्रॅम लोणी (बाजारचं बटर चालेल), सहा-सात लसूण पाकळ्या, एक लिटर पाणी आणि दोन टेबलस्पून मीठ. वरच्या थरासाठी शिळ्या पावाचा अर्धी वाटी चुरा, किसलेलं चीज दोन क्यूब, चमचाभर तीळ. खाली पसरायला दोनशे ग्रॅम चक्का, पातीचा कांदा. कढीपत्त्याची एक डहाळी आणि शेवटी भुरभुरायला जिरावण, म्हणजे आपला पोह्यांवर घालायचा इंदुरी मसाला. बस.

तूप आणि लोणी दोन्ही का, असं विचारतात. लोण्यात पाणी असतं आणि दुधाचा अंश असतो. पाणी कुरकुरीतपणा मारतं आणि दुधाचा अंश दीडशे अंशांच्या आसपास करपायला लागतो. कढवलेल्या तुपात यातलं काही उरत नाही, ते दोनशेच्या पुढेही शांत राहतं. म्हणून सगळी भाजणी तुपावर करायची आणि लोणी शेवटच्या काही मिनिटांत फक्त वासासाठी. फ्रेंच लोक ज्याला क्लॅरिफाइड बटर म्हणून कौतुकाने वेगळं करत बसतात, ते आपल्या बरणीत तयारच असतं.

चिरा

नवशिक्या इथे घाबरतो, आणि थोडं घाबरावंच. पण युक्ती एकदा हाताला बसली की आठ बटाट्यांना पंधरा मिनिटं पुरतात.

बटाटे काथ्याने घासून धुवा. साल काढू नका, सालच तळ धरून ठेवते. प्रत्येक बटाटा पाटावर ठेवून पाहा, तो आपणहून ज्या कुशीवर स्थिर बसतो तो त्याचा तळ. डुलत असेल तर तळाची पातळशी चकती उडवून सपाट करा.

आता दोन लाकडी चमचे घ्या, त्यांच्या दांड्या बटाट्याच्या लांबीला समांतर, दोन्ही बाजूंनी चिकटवून ठेवा. दांडी पाऊण सेंटिमीटरच्या आसपास जाड असावी. सुरी खाली येते, दांड्यांवर ‘टक’ करून थांबते आणि तळाचा तेवढा भाग आपोआप शाबूत राहतो. चमचे नसले तर दोन पेन्सिली चालतात. टोकांकडे बटाटा वर उचललेला असतो, तिथे सुरी दांड्यांवर टेकली तर आरपार जाते. दोन्ही टोकांच्या पहिल्या तीन-चार चिरांना जरा आधीच हात थांबवायचा. माझे तुटलेले सगळे बटाटे टोकालाच तुटलेले आहेत.

चकतीची जाडी तीन मिलिमीटर. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, तितकी. याहून पातळ झाली की कडा जळतात, जाड झाली की पंखा उलगडत नाही, नुसता खाचा पाडलेला बटाटा दिसतो. आठ सेंटिमीटरच्या बटाट्याला वीस-बावीस चिरा बसतात. सुरी पातळ पात्याची आणि नुकती धार लावलेली हवी. बोथट सुरीने जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हात वेळेवर थांबत नाही. सुरी दाबू नका, पुढेमागे ओढा.

विळीचं विचाराल तर माझ्या सासूबाई हे विळीवर करतात. बटाटा दोन्ही हातांत आडवा धरून पात्यावर ढकलतात आणि पलीकडच्या अंगठ्याच्या पेराला पात्याची चाहूल लागली की थांबतात. चकत्या माझ्यापेक्षा एकसारख्या. पन्नास वर्षांचा सराव आहे. तुम्ही हे करू नका.

आणि एखादा बटाटा आरपार तुटलाच तर त्याच्या चकत्या वेगळ्या ठेवा, धुवू नका. स्टीलच्या वाटीला आतून तूप लावा, चकत्या एकावर एक रचा, मधूनमधून तूप-मीठ-मिरपूड, वर फॉइल. बाकीच्यांबरोबर ओव्हनमध्ये जाऊ दे, शेवटी फॉइल काढून रंग येऊ द्या आणि ताटलीत वाटी उपडी करा. न धुतलेल्या चकत्यांच्या स्टार्चने त्या एकमेकींना घट्ट चिकटतात आणि सुरेख मुटकं निघतं. फ्रेंचांचा पोम आना नावाचा शाही पदार्थ याच तत्त्वावर उभा आहे, त्यामुळे पाहुण्यांना तुटल्याचं सांगायची काही गरज नाही.

मिठाचं पाणी

अख्ख्या बटाट्यांचं मात्र उलट. त्यांच्या चकत्या चिकटायला नकोत, सुटायला हव्यात. लिटरभर गार पाण्यात दोन टेबलस्पून मीठ विरघळवून त्यात बटाटे चिरांची बाजू खाली करून वीस मिनिटं बुडवून ठेवा. पाणी ताकाच्या निवळीसारखं गढूळ होतं, तो सुटलेला स्टार्च. त्याबरोबर कापलेल्या पृष्ठभागावरची थोडी साखरही जाते. शिवाय मिठाने चकत्यांमधलं पाणी थोडं ओढलं जातं आणि ताठ, काचेसारख्या चकत्या लवचीक होतात. बाहेर काढून दोन्ही टोकं हलकेच खाली वाकवून पाहा. बुडवण्यापूर्वी ‘कट’ आवाज येऊन बटाटा मोडला असता, आता तो धनुष्यासारखा वाकतो आणि चिरा उघडतात. मीठही आतपर्यंत पोचलेलं असतं, वरून वेगळं घालावं लागत नाही.

यानंतर वाळवणं. ही पायरी लोक गाळतात. बटाटे स्वच्छ पंचावर पालथे घाला, पंधरा मिनिटं पंख्याखाली राहू द्या, मग प्रत्येक उचलून जरासा झटका आणि पुसा. चिरांमध्ये पाणी राहिलं तर ओव्हनची पहिली वीस मिनिटं ते पाणी उडवण्यात जातात, आणि तुम्हाला उकडलेला बटाटा मिळतो.

ओव्हन

घरोघरी असतो तो ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, यासाठी पुरेसा आहे. साधा मायक्रोवेव्ह नाही चालणार, कन्व्हेक्शनची सोय असेल तर चालेल. ओटीजीचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनचा थर्मामीटर नसेल तर साखरेने तपासा. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. फॉइलच्या छोट्या द्रोणात चमचाभर साखर घालून काटा १८० वर ठेवा, ओव्हन पूर्ण तापल्यावर पंधरा मिनिटं आत राहू द्या. वितळली तर तुमचा ओव्हन सांगतो त्याहून गरम आहे. मग १९० वर तसंच करून पाहा. आताही पांढरीशुभ्र राहिली तर थंड आहे. मी हे ऑगस्टमध्येच केलं असतं तर दोन वर्षं त्या बिचाऱ्यावर आळ घेतला नसता.

बटाटे वाळतात तोवर तूप मंद आचेवर ठेवून त्यात ठेचलेला लसूण घाला. तीन-चार मिनिटांत लसूण फिकट सोनेरी होतो, लगेच गाळा. लसूण चिरांमध्ये खोचून भाजायचा मोह होतो, पण तो बटाट्याच्या कितीतरी आधी जळतो आणि कडवट होतो. गाळलेला लसूण टाकू नका, पुढे लागेल.

दोन्ही सळ्या चालू करून ओव्हन २०० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. बटाट्यांना बाहेरून आणि तळाला निम्मं तूप चोळा. चिरांमध्ये आत्ता तूप घालायचा आटापिटा करू नका, त्या अजून मिटलेल्या आहेत. मधल्या कप्प्यात, एकमेकांना न टेकता, तीस मिनिटं.

तीस मिनिटांनी ट्रे बाहेर काढा. हा क्षण मला फार आवडतो. चकत्या आक्रसून किंचित सुटलेल्या असतात, जणू बटाट्याने श्वास सोडलाय. आता उरलेलं तूप ब्रशने प्रत्येक फटीत जाऊ द्या. चिकटलेल्या चकत्या सुरीच्या टोकाने अलगद सुट्या करा, पण जोर नको, आतला गर अर्धवट शिजलेला आणि नाजूक असतो. ट्रे फिरवून, पुढची बाजू मागे करून, पुन्हा पंचवीस मिनिटं. ओटीजीची मागची बाजू बहुधा जास्त तापते.

झालाय का ते पाहायला सुरी वरून घालू नका, वरून सगळं छानच दिसतं. तळाकडच्या जोडलेल्या जाड भागात आडवी खुपसा. अडकली नाही तर शिजला. अडकली तर आणखी आठ-दहा मिनिटं द्या, रंग वाढत असेल तर वर सैलसर फॉइल टाका.

मग वरचा थर. पावाचा चुरा, चीज, तीळ आणि पातळ केलेलं लोणी एकत्र चोळून चिरांवर भुरभुरा, थोडं आत जाऊ द्या. आपलं क्यूबचं चीज एकटंच घातलं तर वर चिवट साय धरतं, चुऱ्यात मिसळलं की खुसखुशीत होतं. दोन-तीन फटींमध्ये तुपात बुडवलेली कढीपत्त्याची पानं खोचा. वरच्या कप्प्यात सहा ते आठ मिनिटं, ओव्हनच्या काचेसमोर उभं राहून. या आठ मिनिटांत फोन घेऊ नका.

एअर फ्रायर असेल तर एका वेळी चारच बटाटे, १८० वर पंचवीस मिनिटं, तूप, मग २०० वर दहा. रंग छान येतो, गर जरा कोरडा होतो. कढईत झाकण ठेवून करता येईल का, असं एका भाचीने विचारलं. शिजेल, पण कुरकुरीत होणार नाही, त्यापेक्षा त्या कढईत काचऱ्या कर असं मी तिला सांगितलं.

ताटात

चक्का थोडं मीठ घालून फेटा, त्यात तो बाजूला ठेवलेला लसूण आणि बारीक चिरलेली पात मिसळा. साहेबी पद्धतीत इथे सावर क्रीम असतं, आपला चक्का त्याहून काकणभर सरसच. ताटलीत चमच्याच्या पाठीने चक्क्याचा गोल पसरा, मधोमध बटाटा बसवा, वरून पाव चमचा जिरावण आणि लिंबाचे दोन थेंब. जिरावण ओव्हनमध्ये घालू नका, त्यातले मसाले करपतात. भाजल्यावर घातलं की सराफ्यातल्या खाऊगल्लीत हिवाळ्यात तळलेल्या गराडूच्या कंदावर जे घडतं ते इथेही घडतं, गरम तुपावर पडल्या पडल्या वास दरवळतो.

शेव घालू नका. मला माहीत आहे आपण इंदुरात आहोत. पण इतक्या मेहनतीने केलेल्या चिरा शेवेखाली झाकायच्या कशाला? आमच्या घरात एक माणूस ऐकत नाही, त्याच्या ताटातला बटाटा मी बघत नाही.

माणशी एक पुरतो. याच्याबरोबर टोमॅटोचं सार, एखादी मोकळी उसळ आणि फुलके हे माझं ठरलेलं जेवण. दाल-बाफल्याच्या बेतात हा मुळीच आणू नये, तुपावर तूप होतं. मसालेभाताबरोबरही नको, दोन्ही गडी जड.

उपासाला करायचा तर चुरा, चीज, जिरावण, लसूण सगळं वगळा. मिठाच्या पाण्यात सैंधव, फटींमध्ये जिरं घातलेलं तूप, वर दाण्याचं भरड कूट शेवटच्या पाच मिनिटांना. एकादशीला हा बटाटा ताटात आला की खिचडी मागे पडते, आणि मुलंही उपास धरायला लागतात.

पाहुण्यांचा बेत असेल तर वेळेचं गणित असं मांडा. चिरा दिलेले बटाटे साध्या पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये रात्रभर राहू शकतात, फक्त मिठाचं पाणी दुसऱ्या दिवशी. इथल्या सानंद संस्थेचं नाटक पाहून मंडळी आमच्याकडे जेवायला येतात तेव्हा मी बटाटे दुसऱ्या फेरीच्या मध्यापर्यंत, म्हणजे एकूण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं भाजून ट्रे तसाच ओट्यावर ठेवून नाटकाला जाते. परत आल्यावर ओव्हन २१० वर तापवायचा, पंधरा मिनिटं बटाटे, मग चुरा आणि सहा मिनिटं. तेवढ्यात साराला उकळी येते आणि नाटकातल्या कुणाचं काम कसं झालं यावरचं भांडणही आटोपतं.

ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटांच्या आत ताटात जायला हवा. झाकण ठेवून गरम ठेवायला जाल तर वाफ धरून कडा मऊ पडतील. उरले तर झाकण न लावता गार करा आणि फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, रबर होतं. चकत्या हाताने सुट्या करून तव्यावर, तुपाशिवाय, दोन्ही बाजूंनी खरपूस करा आणि सकाळच्या पोह्यांवर ठेवा. त्यावर मात्र शेव चालेल.